होरेस वेल्स

होरेस वेल्स (जन्म : हार्टफर्ड, व्हरमाँट, अमेरिका, २१ जानेवारी, इ.स. १८१५, मृत्यू : न्यू यॉर्क, अमेरिका, २४ जानेवारी, इ.स. १८४८) हे एक अमेरिकन दंतवैद्य होते. नायट्रस ऑक्साइड म्हणजेच हास्यवायू हुंगवून रुग्णाला वेदना न होऊ देता दात काढता येतो, हे त्यांनी डिसेंबर १८४४ मध्ये स्वतःची दाढ काढवून घेऊन दाखवून दिले. शस्त्रक्रियेतील वेदनाहरणाच्या इतिहासात त्यांचे नाव क्रॉफर्ड लाँग, विल्यम मॉर्टन आणि चार्ल्स जॅक्सन यांच्या बरोबरीने घेतले जाते. बॉस्टन येथे त्यांनी केलेले प्रात्यक्षिक फसले आणि पुढे अवघ्या तीन वर्षांत त्यांच्या आयुष्याचा करुण शेवट झाला. त्यांच्या शोधाला मान्यता मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्या मृत्यूनंतर.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दातदुखीवर कायमचा उपाय बहुधा एकच होता, तो म्हणजे दात उपटून टाकणे. दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड खोलवर गेली की या गराला सूज येते. परंतु दाताच्या भिंती कठीण असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही. आतील दाब वाढत जातो आणि असह्य ठणका सुरू होतो. गर काढून दात वाचविण्याचे प्रयत्न त्या काळी अगदीच प्राथमिक अवस्थेत होते. इ.स. १८३६ मध्ये शिअरजशब स्पूनर या अमेरिकन दंतवैद्याने दाताची नस मारण्यासाठी आर्सेनिक, म्हणजे सोमल, वापरण्याची पद्धत सुचविली होती. हे विष हिरडीत वा हाडात झिरपले, तर तेथील ऊती मरत आणि मूळ दुखण्यापेक्षा उपचाराचेच दुखणे भारी होई.

दात काढण्यासाठी दंतवैद्य चिमटा किंवा किल्लीच्या आकाराचे एक अवजार वापरीत. या अवजाराचा आकडा दाताला अडकवून ते पिळले की दात मुळापासून निघे. कधीकधी त्याबरोबर जबड्याच्या हाडाचा टवकाही निघे. रुग्णाला शुद्धीत ठेवूनच हे सारे करावे लागे. अफू आणि मद्य ही दोनच साधने हाताशी होती आणि त्यांचा भरवसा नव्हता. वेदनेच्या भयाने कित्येक लोक कुजलेले दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगीत.

नायट्रस ऑक्साइड हा वायू मात्र नवा नव्हता. जोसेफ प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाने इ.स. १७७२ मध्ये तो प्रथम तयार केला. इ.स. १८०० मध्ये हंफ्री डेव्ही यांनी या वायूवरील आपल्या ग्रंथात, फारसा रक्तस्राव होत नसलेल्या शस्त्रक्रियांत वेदना शमविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे सुचविले होते. ही सूचना चव्वेचाळीस वर्षे ग्रंथातच राहिली. दरम्यान हा वायू करमणुकीचे साधन बनला. तो हुंगून लोक हसत, नाचत आणि वेडेवाकडे चाळे करीत. अशा खेळांना तिकीट लावून गर्दी जमविली जाई.

प्रारंभिक जीवन

वेल्स यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील हार्टफर्ड या गावी एका सुखवस्तू जमीनदार कुटुंबात झाला. पुढे त्यांनी जेथे व्यवसाय केला ते हार्टफर्ड हे कनेटिकट राज्यातील शहर. नावे सारखी असली तरी ही दोन गावे वेगळी आहेत. तीन भावंडांत होरेस थोरले होते. त्यांचे शालेय शिक्षण न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स येथील खासगी शाळांत झाले. ते किशोरवयात असतानाच, इ.स. १८२९ मध्ये, त्यांच्या वडिलांचे निधन झाले.

इ.स. १८३४ मध्ये वेल्स बॉस्टनला गेले आणि तेथे दंतवैद्यक शिकू लागले. अमेरिकेतील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय बॉल्टिमोर येथे निघाले ते इ.स. १८४० मध्ये. तोपर्यंत हा व्यवसाय जाणत्या दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकावा लागे. वेल्स यांनीही तसेच शिक्षण घेतले.

दंतवैद्यक व्यवसाय

इ.स. १८३६ मध्ये वेल्स यांनी कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे स्वतःचा दवाखाना थाटला. त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, इ.स. १८३८ मध्ये, त्यांनी दातांची घडण, त्यांचे रोग आणि त्यांवरील उपचार या विषयावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. दातांच्या विकारांत आहार, संसर्ग आणि मुखाची स्वच्छता यांना महत्त्व असते, हे त्यांनी त्यात मांडले. दात उपटणे हेच दंतवैद्याचे मुख्य काम मानले जात होते, त्या काळात ही दृष्टी पुढची होती. त्याच वर्षी त्यांचा एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाला. त्यांना चार्ल्स टॉमस हा एकच मुलगा. त्याचा जन्म इ.स. १८३९ मधील.

वेल्स यांचा हात हलका होता आणि त्यांना अवजारे घडविण्याची हौस होती. थोड्याच काळात ते हार्टफर्डमधील नामवंत दंतवैद्य म्हणून ओळखले जाऊ लागले. कनेटिकटचे गव्हर्नर विल्यम एल्सवर्थ हेही त्यांचे रुग्ण होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी दोघे पुढे प्रसिद्धीस आले. जॉन मँकी रिग्ज यांनी हिरड्यांच्या विकारावर मूलभूत काम केले आणि तो विकार बराच काळ त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. दुसरे विल्यम टॉमस ग्रीन मॉर्टन. यांचे नाव वेल्स यांच्या आयुष्याशी कायमचे आणि कटुतेने जोडले गेले.

इ.स. १८४३ मध्ये वेल्स आणि मॉर्टन यांनी बॉस्टन येथे भागीदारीत दवाखाना सुरू केला. कवळीचे दात सोन्याच्या पट्टीवर बसविण्यासाठी वेल्स यांनी न गंजणारे डाख तयार केले होते. बॉस्टनचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. चार्ल्स टॉमस जॅक्सन यांनी त्याच्या शुद्धतेची ग्वाही दिली होती. परंतु अशी कवळी बसवायची, तर जबड्यात उरलेली दातांची सारी मुळे आधी काढावी लागत. त्या वेदना सोसण्यास फारच थोडे लोक तयार होत. धंदा अपेक्षेप्रमाणे चालला नाही आणि पुढच्याच वर्षी भागीदारी संपली. वेदनारहित दंतोपचार ही केवळ दयाबुद्धीची बाब नसून दंतवैद्यकाच्या प्रगतीची पूर्वअट आहे, याची जाणीव या दोघांनाही या अनुभवातून झाली असावी.

हास्यवायूचा प्रयोग

१० डिसेंबर १८४४ रोजी सायंकाळी हार्टफर्डच्या युनियन हॉलमध्ये गार्डनर क्विन्सी कोल्टन यांनी हास्यवायूचा जाहीर खेळ ठेवला होता. कोल्टन यांनी वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडून हा व्यवसाय पत्करला होता. वेल्स आपल्या पत्नीसह खेळ पाहण्यास गेले होते.

प्रेक्षकांतून पुढे आलेल्यांपैकी सॅम्युएल कूली नावाचा औषधाच्या दुकानातील एक कारकून होता. वायूच्या अमलाखाली तो सैरावैरा धावू लागला आणि बाकांवर आपटून त्याच्या पायाला जखम झाली. अंमल उतरल्यावर तो जागेवर येऊन बसला, तेव्हा पायातून रक्त वाहत असूनही त्याला त्याची कल्पना नव्हती. आपल्याला कळही जाणवली नाही, असे त्याने सांगितले. सभागृहात बसलेल्या इतरांना हा खेळातला एक किरकोळ अपघात वाटला. वेल्स यांच्या मनात मात्र लगेच प्रश्न उभा राहिला, की पायाची जखम जर जाणवत नाही, तर दात काढलेला का जाणवावा?

त्याच रात्री त्यांनी रिग्ज यांच्याशी चर्चा केली. प्रयोग धोक्याचा होता. रुग्ण पूर्ण बेशुद्ध होईपर्यंत वायू दिला, तर तो पुन्हा शुद्धीवर येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून हा धोका रुग्णावर न ढकलता स्वतः पत्करण्याचे वेल्स यांनी ठरविले. त्यांची एक दाढ दुखत होतीच.

दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी सकाळी, कोल्टन वायूची पिशवी घेऊन वेल्स यांच्या दवाखान्यात आले. वेल्स रुग्णाच्या खुर्चीत बसले आणि वायू हुंगू लागले. त्यांची मान मागे कलंडली आणि हात सैल पडले, तेव्हा रिग्ज यांनी चिमट्याने त्यांची दाढ काढली. काही क्षणांनी वेल्स भानावर आले. आपल्याला टाचणी टोचल्याइतकेही दुखले नाही, असे त्यांनी उपस्थितांना सांगितले आणि दंतवैद्यकात नवे युग सुरू झाल्याचा आनंद व्यक्त केला.

यानंतर वेल्स कोल्टन यांच्याकडून वायू तयार करण्यास शिकले. अमोनियम नायट्रेट हा क्षार काळजीपूर्वक तापविला असता हा वायू मिळतो. पुढील काही आठवड्यांत त्यांनी सुमारे पंधरा रुग्णांवर त्याचा प्रयोग केला आणि बहुतेक वेळा त्यांना यश आले. या काळात त्यांनी ईथरचाही विचार केला होता, परंतु नायट्रस ऑक्साइड अधिक निर्धोक वाटल्यामुळे त्याचीच निवड केली. या शोधाचे एकस्व घेण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. हार्टफर्डमधील इतर दंतवैद्यांनाही त्यांनी ही पद्धत मोकळेपणाने दाखविली.

बॉस्टनचे प्रात्यक्षिक

जानेवारी १८४५ मध्ये वेल्स आपला शोध वैद्यकीय जगापुढे मांडण्यासाठी बॉस्टनला गेले. तेथे मॉर्टन यांच्या ओळखीचा त्यांना उपयोग झाला. हार्वर्डचे प्राध्यापक आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी त्यांना आपल्या विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक करण्याची परवानगी दिली. दात काढवून घेण्यास एक रुग्ण तयार झाला.

वेल्स यांनी वायू दिला आणि दात काढला. परंतु त्याच क्षणी रुग्ण ओरडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि सारा प्रकार ढोंगबाजीचा ठरविला. वायूची पिशवी आपण वेळेआधी बाजूला घेतली, असे वेल्स यांनी नंतर मान्य केले. आपल्याला फारशी वेदना झाली नव्हती, असे त्या रुग्णानेही पुढे सांगितले. पण तोवर सभागृह रिकामे झाले होते.

आजच्या ज्ञानाच्या आधारे या अपयशाचे कारण सांगता येते. नायट्रस ऑक्साइड हा तुलनेने सौम्य शुद्धिहारक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी निम्म्या रुग्णांची हालचाल थांबविण्यासाठी त्याचे जे प्रमाण लागते, ते साध्या वातावरणीय दाबाखाली शंभर टक्क्यांहूनही थोडे अधिक, म्हणजे प्रत्यक्षात देता न येणारे, भरते. त्या काळी हा वायू प्राणवायू न मिसळता दिला जाई. त्यामुळे रुग्ण लवकर बेशुद्ध होई, पण पिशवी दूर होताच काही सेकंदांतच भानावर येऊ लागे. शिवाय अर्धवट बेशुद्धीत माणूस ओरडतो वा हातपाय हलवितो आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही, असेही घडते. मोजके रुग्ण हाताळलेल्या तीस वर्षांच्या दंतवैद्याला हे बारकावे समजण्यास आणखी काही महिने मिळते, तर प्रात्यक्षिकाचा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

व्यवसायापासून दूर

बॉस्टनहून परतल्यावर वेल्स आजारी पडले. त्यांना या अपमानाचा जबर धक्का बसला होता. एप्रिल १८४५ मध्ये त्यांनी वृत्तपत्रात निवेदन देऊन आपला दवाखाना बंद करीत असल्याचे कळविले आणि रुग्णांना रिग्ज यांच्याकडे जाण्यास सुचविले. यानंतर ते अधूनमधून व्यवसाय करीत, पुन्हा थांबवीत. मधल्या काळात त्यांनी निसर्गविषयक प्रदर्शन भरविले आणि तुषारस्नानाचे एक उपकरण तयार करून त्याचे एकस्व मिळविले. वेदनाहरणाच्या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नव्हते.

ईथरचा वाद

३० सप्टेंबर १८४६ रोजी मॉर्टन यांनी बॉस्टन येथे एबेन फ्रॉस्ट या रुग्णाला ईथर हुंगवून त्याचा दात वेदनेविना काढला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गिल्बर्ट अ‍ॅबट या रुग्णाला ईथर दिले आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद डॉ. वॉरेन हेच होते. पावणेदोन वर्षांपूर्वी वेल्स यांची फजिती त्यांच्याच विद्यार्थ्यांसमोर झाली होती. ही वार्ता काही महिन्यांतच जगभर पसरली.

मॉर्टन यांनी लगेच वेल्स यांना पत्र लिहून आपल्या शोधाची माहिती दिली आणि त्याच्या हक्कविक्रीत सहभागी होण्याविषयी विचारले. वेल्स यांनी बॉस्टनला जाऊन प्रयोग पाहिला, पण प्रस्ताव स्वीकारला नाही. ईथरचा वास आणि रंग बदलून मॉर्टन यांनी त्याला वेगळे नाव दिले होते आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये त्याचे एकस्वही मिळविले. ईथर वापरण्याची कल्पना आपणच मॉर्टन यांना दिली, असा दावा जॅक्सन यांनी केला. जॉर्जिया राज्यातील डॉ. क्रॉफर्ड लाँग यांनी तर मार्च १८४२ मध्येच ईथरचा वापर करून शस्त्रक्रिया केली होती. परंतु त्यांनी ती हकीकत इ.स. १८४९ पर्यंत प्रसिद्ध केली नाही.

वेल्स यांचे म्हणणे असे होते की, श्वासावाटे दिलेल्या वायूने वा बाष्पाने शस्त्रक्रियेतील वेदना टाळता येतात, हे तत्त्व त्यांनी प्रथम सिद्ध केले. कोणता पदार्थ वापरावा, हा त्यानंतरचा प्रश्न होता. डिसेंबर १८४६ मध्ये त्यांनी हार्टफर्डच्या वृत्तपत्रात पत्र लिहून आपला दावा मांडला. त्यानंतर ते पॅरिसला गेले. चित्रे विकत घेऊन ती अमेरिकेत विकावी, हाही या प्रवासाचा एक हेतू होता. तेथे राहणारे अमेरिकन दंतवैद्य ख्रिस्तोफर स्टार ब्रूस्टर यांच्या साहाय्याने त्यांनी फ्रेंच वैद्यकीय मंडळींसमोर आपली बाजू मांडली. इ.स. १८४७ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी या शोधाचा इतिहास सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिला हार्टफर्डमधील रुग्णांची व डॉक्टरांची शपथपत्रे जोडली.

अखेरचे दिवस

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोचे डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचे शुद्धिहारक गुण जाहीर केले. वेल्स यांनी त्याचा अभ्यास सुरू केला. जानेवारी १८४८ मध्ये ते एकटेच न्यू यॉर्कला आले आणि त्यांनी तेथे व्यवसाय सुरू केला. पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा हार्टफर्डलाच होते. पहिल्या प्रयोगाप्रमाणे या वेळीही त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. सुमारे आठवडाभर ते वारंवार क्लोरोफॉर्म हुंगत राहिले. या द्रव्याने मनाचा तोल ढळू शकतो आणि त्याची सवय जडू शकते, हे त्या वेळी माहीत नव्हते.

२१ जानेवारी १८४८ रोजी, म्हणजे त्यांच्या तेहतिसाव्या वाढदिवशी, भ्रमिष्ट अवस्थेत ते रस्त्यावर धावत गेले आणि त्यांनी दोन स्त्रियांवर गंधकाम्ल फेकले. त्यांना अटक करून शहरातील तुरुंगात ठेवण्यात आले. अंमल उतरल्यावर आपल्या हातून काय घडले, हे त्यांना उमगले. आपले मन आता आपल्या ताब्यात राहिलेले नाही, ही भीती आणि कुटुंबावर ओढवलेली नामुष्की यांनी ते खचले. पत्नीला आणि इतरांना पत्रे लिहून ठेवून २४ जानेवारी १८४८ रोजी त्यांनी कोठडीत स्वतःचे जीवन संपविले. त्यापूर्वी त्यांनी क्लोरोफॉर्म घेतले होते.

त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधीच पॅरिसमधील वैद्यकीय संस्थेने, वेदनारहित शस्त्रक्रियेचा शोध लावून ती प्रथम प्रत्यक्षात आणल्याचा मान वेल्स यांना दिला होता. ब्रूस्टर यांनी ही वार्ता पत्राने कळविली. समुद्रमार्गे आलेले ते पत्र अमेरिकेत पोचले, तेव्हा ते वाचण्यास वेल्स हयात नव्हते.

मृत्यूनंतरची मान्यता

शोधाच्या श्रेयाचा वाद पुढे अमेरिकेच्या काँग्रेससमोर गेला. शोधकर्त्याला एक लाख डॉलरचे पारितोषिक द्यावे, असा प्रस्ताव अनेकदा मांडला गेला. परंतु मॉर्टन, जॅक्सन, लाँग आणि वेल्स यांच्या समर्थकांत एकमत न झाल्यामुळे ती रक्कम कोणालाच मिळाली नाही. कनेटिकटचे सिनेटर ट्रूमन स्मिथ यांनी वेल्स यांच्या विधवा पत्नीची बाजू नेटाने मांडली. मॉर्टन इ.स. १८६८ मध्ये खंगलेल्या स्थितीत न्यू यॉर्कमध्ये वारले. जॅक्सन यांची अखेरची वर्षे मनोरुग्णालयात गेली आणि तेथेच इ.स. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

वेल्स यांच्या वायूचे पुनरुज्जीवन केले ते कोल्टन यांनीच. इ.स. १८६३ मध्ये त्यांनी नायट्रस ऑक्साइडच्या साहाय्याने दात काढण्यास पुन्हा आरंभ केला आणि त्यासाठी न्यू यॉर्कमध्ये संस्था काढली. तेथे पुढील काळात लाखाहून अधिक रुग्णांचे दात हा वायू देऊन काढण्यात आले. इ.स. १८६८ मध्ये शिकागोचे शल्यविशारद एडमंड अँड्र्यूज यांनी या वायूत प्राणवायू मिसळण्याची पद्धत सुचविली. त्यामुळे तो अधिक काळ आणि अधिक सुरक्षितपणे देता येऊ लागला.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने इ.स. १८६४ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने इ.स. १८७० मध्ये वेल्स यांच्या शोधाला मान्यता दिली.

आधुनिक दंतोपचारांतील वारसा

वेल्स यांच्या काळात दुखरा दात काढला जाई. आज तोच दात बहुधा मूलनलिका उपचाराने, म्हणजे सामान्य व्यवहारात ज्याला रूट कॅनल म्हणतात त्या उपचाराने, वाचविला जातो. यात दाताला भोक पाडून आतील सुजलेला किंवा मृत गर काढतात, मुळांतील नलिका बारीक कानशींनी साफ करतात, औषधी द्रावणाने धुतात आणि गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. हे काम नाजूक असून त्यास बराच वेळ लागतो. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णावर ते करताच येणार नाही. वेदनाहरणाचा शोध लागला नसता, तर दात वाचविण्याचे हे शास्त्र विकसित होणे कठीण होते.

अर्थात रूट कॅनलसाठी आज सामान्यतः रुग्णाला बेशुद्ध करीत नाहीत. इ.स. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग दाखविला आणि त्याच वर्षी विल्यम हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्यातील मज्जातंतू बधिर करण्याचे तंत्र वापरले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आले. इ.स. १९४३ मध्ये स्वीडनमधील नील्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. आज दंतवैद्य भुलेचे जे इंजेक्शन देतात त्यात बहुधा लिडोकेन किंवा त्याच्या वर्गातील औषध असते. उपचाराची भीती फार असेल, तर प्राणवायूत मिसळलेला नायट्रस ऑक्साइड नाकावरील मुखवट्यातून दिला जातो. या मिश्रणात प्राणवायू किमान तीस टक्के ठेवतात. रुग्ण जागा आणि बोलता राहतो, मात्र त्याची धास्ती कमी होते. वायू थांबवून प्राणवायू दिला की काही मिनिटांतच अंमल उतरतो.

भूल उतरल्यानंतरची वेदना हा मात्र वेल्स यांच्या वायूने न सुटलेला प्रश्न होता आणि तो आजही काही अंशी शिल्लक आहे. रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकली, तरी मुळाभोवतीचे तंतुबंध आणि हाड जिवंत असतात. मूळ आजारामुळे व उपचारामुळे त्यांना सूज येते. त्यामुळे दात काही दिवस ठणकतो किंवा चावताना दुखतो. हे दुखणे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत कमी होऊ लागते आणि आठवडाभरात ओसरते. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल यांसारखी वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. भूल उतरेपर्यंत गाल वा ओठ चावला जाऊ नये म्हणून खाणे टाळावे लागते आणि दातावर टोपी बसेपर्यंत त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत, असे सांगितले जाते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, चेहऱ्यावर सूज आली किंवा ताप आला, तर ते संसर्गाचे लक्षण असू शकते आणि दंतवैद्याकडे तातडीने जावे लागते. उपचाराआधी दात फारच सुजलेला असेल, तर भुलेचे इंजेक्शनही कधीकधी पुरेसे लागू पडत नाही. विशेषतः खालच्या दाढांबाबत हा अनुभव येतो. अशा वेळी भुलेची जागा बदलून वा जादा मात्रा देऊन उपचार करतात.

मूल्यमापन

वेदनाहरणाच्या शोधाचे श्रेय एकाच व्यक्तीला देणे इतिहासकारांना अवघड वाटते. ईथरचा पहिला ज्ञात शस्त्रक्रियात्मक वापर लाँग यांचा. यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक मॉर्टन यांचे. वेल्स यांचा वाटा या दोहोंमधला आहे. करमणुकीच्या खेळात सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीचा अर्थ त्यांनी ओळखला, दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या जिवावर त्याची परीक्षा घेतली आणि आपले ज्ञान वैद्यकीय जगापुढे उघडपणे मांडले. मॉर्टन यांच्या प्रयत्नांना दिशा मिळण्यात वेल्स यांच्या प्रयोगाचा वाटा होता, हे सामान्यतः मान्य केले जाते.

स्वतःवर प्रयोग करण्याची जी वृत्ती इ.स. १८४४ मध्ये त्यांच्या यशाचे कारण ठरली, तीच इ.स. १८४८ मध्ये त्यांच्या नाशाला कारणीभूत झाली. शुद्धिहारक द्रव्यांच्या व्यसनाचा धोका दाखविणारे हे वैद्यकाच्या इतिहासातील एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. त्यांच्या हातून दोन स्त्रियांना झालेली इजाही या इतिहासाचाच भाग आहे.

स्मारके

हार्टफर्ड येथील बुशनेल पार्कमध्ये ट्रूमन हाऊ बार्टलेट या शिल्पकाराने घडविलेला वेल्स यांचा पुतळा इ.स. १८७५ मध्ये उभारण्यात आला. पॅरिसमधील अमेरिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकात इ.स. १९१० मध्ये त्यांचे स्मारक बसविण्यात आले. आरंभी हार्टफर्डच्या जुन्या दफनभूमीत असलेले त्यांचे अवशेष त्यांच्या मुलाने पुढे सीडर हिल दफनभूमीत हलविले. पत्नी एलिझाबेथ यांची समाधीही तेथेच आहे.